आईबाबांकडची केबल काढून स्टिक लावावी का?

अजिंक्यतारा
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. घरचा प्रश्न आहे आणि एकट्यानं ठरवायचा धीर होत नाही.

आईबाबा साताऱ्याला, मी पुण्याला. बाबा ७४, आई ६९. घरात एकच टीव्ही, ३२ इंची, साधा एलईडी, हॉलमध्ये. केबलचं बिल महिन्याला ३५० रुपये. लॉकडाऊनमध्ये नातवाशी व्हिडिओ कॉल व्हावा म्हणून फायबर घेतलं, ते तसंच चालू आहे: ३० एमबीपीएस, ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे. घरात दोन वायरी येतात, दोन्हींचे पैसे जातात आणि फायबर दिवसाला जेमतेम अर्धा तास वापरलं जातं.

माझा विचार असा की टीव्हीला एक स्टिक (नेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण) लावावी, एकदोन ॲप घ्यावीत आणि केबल बंद करावी. वर्षाचे ४२०० रुपये सुटतील. बाबा तयार आहेत. आई 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते, आणि तिचं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

अडचण सांगतो. आईच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आहे, रबरबँड लावलेली. रिमोटच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून तिनं स्वतःच्या अक्षरात पाच वाहिन्यांचे नंबर लिहिलेत. तिचा टीव्ही म्हणजे ते पाच नंबर. मागं एकदा पॅक बदलला तेव्हा नंबर हलले. दोन दिवस तिनं टीव्हीच लावला नाही. सांगितलंही नाही कुणाला, बाबांकडून कळलं. तेव्हापासून मला त्या पट्टीची धास्ती आहे.

ज्यांनी घरच्या ज्येष्ठांसाठी हा बदल केलाय त्यांनी अनुभव लिहावेत. जमलं का? आणि जमलं नसेल तर नेमकं कुठं अडलं?

मोगरा
शनिवार, रात्री १०.१५

आम्ही ठाण्याला सासूबाईंसाठी केलं, दोन वर्षं होतील आता. जमलं, पण पहिला महिना फार वाईट गेला आणि तो आमच्या घाईमुळे गेला. एका रविवारी स्टिक लावली आणि त्याच दिवशी केबलचा बॉक्स काढला. असं अजिबात करू नका.

आधी एक आठवडा वही ठेवा. किती वाजता कोण बसतं, काय बघतं, तेवढंच लिहायचं. मराठी मालिका एका ठिकाणी मिळत नाहीत हे आम्हाला स्टिक लावल्यावर कळलं. झी मराठीचं सगळं झी५ वर. सोनी मराठीचं सोनीलिववर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. पूर्वी ही दोन वेगळ्या ॲपवर होती, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक झालं तेव्हापासून एकत्र आली. आई जर सातला एक, साडेसातला दुसरी, आठला तिसरी अशी मालिका बघत असतील, तर रिमोटवर त्यांना संध्याकाळभर या ॲपमधून त्या ॲपमध्ये उड्या माराव्या लागतील. केबलवर तीच गोष्ट तीन आकड्यांत होते.

बातम्यांची मात्र काळजी नको. एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी, सगळे यूट्यूबवर थेट आणि फुकट आहेत.

अँटेना
शनिवार, रात्री ११.०२

तांत्रिक बाजू मी लिहितो.

३० एमबीपीएस पुरतं. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएसची आहे. ३२ इंची टीव्हीवर फोर-केचा प्रश्नच नाही. डेटाही पुरेल. एचडीला तासाला जास्तीत जास्त ३ जीबी धरा. रोज पाच तास म्हटलं तरी महिन्याला ४५० जीबी, आणि तुमच्या प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी असणार. हवेतून येणारं फाइव्ह-जीचं घरगुती कनेक्शन असेल तर तिथं मर्यादा साधारण १००० जीबी असते, तीही पुरते.

आता ज्या तीन गोष्टी दुकानदार सांगत नाही त्या.

पहिली, स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून देऊ नका. ती कमी पडते, मग स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि लोक नेटला शिव्या घालतात. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटलाच लावा.

दुसरी, राउटर कुठं आहे ते बघा. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे दडलेली असते, पुढं टीव्ही आणि मागं भिंत. राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, मधे भिंती असतील तर २.४ वरच ठेवा, ते लांबवर पोचतं. स्टिकसोबत एचडीएमआयची वीतभर वायर येते, ती वापरून स्टिक टीव्हीच्या आडोशातून बाहेर काढली तरी फरक पडतो.

तिसरी, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. कंपनीगणिक नाव वेगळं: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. हे चालू असलं की स्टिकच्या रिमोटवरचं घराचं बटण दाबताच टीव्ही आपोआप सुरू होतो आणि बरोबर त्याच एचडीएमआयवर येतो. ज्येष्ठांचं निम्मं अडणं 'सिग्नल नाही' या निळ्या पडद्याशी असतं. त्यावर हाच उपाय.

आणि प्लॅन घेताना 'मोबाइल' लिहिलेला घेऊ नका. नेटफ्लिक्सचा १४९ चा असो की हॉटस्टारचा, तो टीव्हीवर चालत नाही. स्वस्त दिसतो म्हणून लोक तोच घेतात.

जुनी_वायर
रविवार, सकाळी ७.२०

अजिंक्यतारा, मी वीसेक वर्षं केबलचा धंदा केला, आता सोडला. दुसरी बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत सुरुवात व्हीसीआरपासून झाली. एका खोलीत व्हीसीआर, तिथून बिल्डिंगभर वायर, रात्री एक पिक्चर. १९९१ च्या आखाती युद्धानंतर डिश आल्या, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला आणि मग आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकायची, खांबावर ॲम्प्लिफायर बसवायचा, पावसात त्यात पाणी गेलं की रात्री शिडी घेऊन जायचं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत आणि २०१३ च्या मार्चअखेर पुणे, नाशिक, नागपुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. दारोदार बॉक्स आम्हीच बसवले. म्हाताऱ्या माणसांना रिमोटही आम्हीच शिकवला. तुमच्या आईच्या रिमोटवरची पट्टी वाचून डोळ्यांपुढं शेकडो घरं आली. तशा पट्ट्या मी स्वतः लिहून दिल्यात.

मग फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा हिशेब आला. १०० वाहिन्यांच्या जोडणीचे १३०, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्या त्यावर वेगळ्या. त्या १३० मधले वेगळा करार नसेल तर ५५ टक्के आम्हाला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीला, ४५ टक्के आम्हाला. म्हणजे घरामागं साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात लाइनमनचा पगार, वायर, वसुलीचा माणूस. २०२० मध्ये तेवढ्याच १३० त २०० वाहिन्या द्यायला सांगितलं. २०२४ च्या जुलैत ही मर्यादाच काढली, आता ज्याचा तो दर ठरवतो.

तुम्हाला सांगायचं ते हे की ३५० म्हणजे तुमच्याकडे तयार पॅक आहे, आणि त्यातल्या पाचच वाहिन्या लागतात. केबल तोडण्याआधी पॅक तोडा. नुसती जोडणी आणि वर आईंना हव्या तेवढ्याच वाहिन्या सुट्या घेता येतात, ग्राहकाचा तो हक्क आहे. ऑपरेटर आपणहून सांगणार नाही. मीही सांगत नव्हतो, कारण पॅकवर दोन पैसे सुटायचे. मागितलं की द्यावंच लागतं.

आणि एक. केबल बंद पडली तर सातारला माणूस संध्याकाळपर्यंत घरी येतो. ॲप बंद पडलं तर कोण येणार? तुम्ही पुण्याला.

सागरगोटा
रविवार, सकाळी ९.०५

रत्नागिरीहून. जुनी_वायर, तुमचं शेवटचं वाक्य पटलं, पण आमच्याकडे जुलैमध्ये झाड पडलं की केबल आणि फायबर दोन्ही एकदमच तुटतात, एकाच खांबावरून येतात ना. गेल्या पावसाळ्यात फायबर चार दिवस नव्हतं. टोल-फ्री नंबरवर दर वेळी 'चोवीस तासांत' हेच उत्तर. केबलवाला तिसऱ्या दिवशी आला.

लाइट गेली आणि घरात इन्व्हर्टर असला तर एक लक्षात ठेवा. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, पण राउटरचा सॉकेट बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर नसतो. टीव्ही चालू, नेट बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, दीडदोन तास काढतो. आम्ही तो घेतला आणि आईची कटकट थांबली. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

माळरान
रविवार, दुपारी १२.३०

अंबाजोगाईजवळच्या गावातून लिहितोय. तुम्ही सगळे केबल की ॲप यातच बोलताय, तिसरा रस्ता आमच्या गावात घरोघरी आहे: डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याचं भाडं शून्य. छत्री, एलएनबी (छत्रीपुढं बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स मिळून एकदाच दीडदोन हजार. छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावायची, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला तोंड. मधे झाड किंवा पाण्याची टाकी आली नाही म्हणजे झालं.

सह्याद्री दिसते, मराठीतल्या काही फुकट वाहिन्या दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळे वर्षागणिक काही जातात, काही येतात. तुमच्या आईच्या पैशाच्या मालिका इथं नाहीत, हे आधीच सांगतो.

क्रिकेट मात्र आहे. २००७ च्या कायद्यामुळे भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते प्रक्षेपण दूरदर्शननं स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबलवर नाही. माझ्या वडिलांनी केवळ एवढ्यासाठी छत्री ठेवली आहे. ॲपवर चेंडू अर्धा मिनिट उशिरा पडतो. शेजारच्या घरात आरडाओरडा होतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतोच आहे. ज्याला सामन्याचं वेड आहे त्याला हे सोसत नाही.

अँटेना
रविवार, दुपारी १.१०

माळरान, खरंय. ॲप चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतं आणि मधे अडखळू नये म्हणून दोनचार तुकडे आधी जमवून मग दाखवायला लागतं. तो साठाच उशीर करतो. नेट कितीही जोरात असलं तरी हा उशीर पूर्ण जात नाही.

परसबाग_एडिसन
रविवार, संध्याकाळी ७.४५

न्यू जर्सीहून. इथं केबल तोडायची लाट आपल्या आधी येऊन गेली, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आम्ही २०१७ मध्ये केबल सोडून यूट्यूब टीव्ही घेतलं, तेव्हा ते महिन्याला ३५ डॉलर होतं. तेच २०२५ च्या जानेवारीत ८२.९९ झालं. सोडलेल्या केबलचं बिल हळूहळू ॲपच्या रूपानं परत घरात आलं. शेवटी आम्ही तेही बंद केलं आणि खिडकीला साधी अँटेना लावली. इथली मोठी स्थानिक चॅनेल्स तिच्यावर फुकट येतात. क्रिकेटसाठी विलो, सासूबाई आल्या की तेवढ्या सहा महिन्यांपुरतं मराठी मालिकांचं ॲप.

भारतातही तेच होताना दिसतंय. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती आल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ जास्तीचे. म्हणून हिशेब आजच्या दरावर मांडू नका. ज्या महिन्यात बघायचं त्याच महिन्याचे पैसे भरायची सवय ठेवा.

गोदातीर
रविवार, रात्री ८.३०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आपण आईवडिलांना फार जपतो. माझी आई ७२ ची, नाशिकला एकटी राहते. स्टिक लावून केबल त्याच दिवशी बंद केली, मी मुद्दाम चार दिवस राहिलो आणि हातात रिमोट तिच्याच दिला. आज ती जुने कीर्तनाचे व्हिडिओ बोलून शोधते. माइकचं बटण दाबून मराठीत बोललं की यूट्यूबला कळतं, टाइप करायची गरज नाही. दोन्ही ठेवलं असतं तर ती जुन्या रिमोटवरच राहिली असती.

मोगरा
रविवार, रात्री ९.००

गोदातीर, तुम्ही चार दिवस राहिलात, ते महत्त्वाचं. आम्ही रविवारी लावून सोमवारी कामावर गेलो. सासूबाई दिवसभर एकट्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, 'माझ्याच घरात मला टीव्ही लावायला कुणाची तरी वाट बघावी लागते.' ते वाक्य मी विसरणार नाही.

ताम्हण
सोमवार, दुपारी ३.१५

कोणी 'एकदाच पैसे भरा, सगळ्या वाहिन्या कायमच्या' असा बॉक्स दाखवला तर घेऊ नका. माझ्या मेव्हण्यानं बाजारातून घेतला, चार महिने चालला, मग एक दिवस सगळं काळं. ते प्रक्षेपण चोरीचंच असतं, दाद कुठं मागणार? शिवाय अशा बॉक्सना एचडीसाठी लागणारं वाइडवाइन एल-वन प्रमाणपत्र बहुधा नसतं, त्यामुळे पैसे भरून घेतलेली ॲपही धुरकट दिसतात. आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिला होता: असे स्वस्त बॉक्स आतून आधीच पोखरलेले येतात आणि घरच्या नेटवरून दुसऱ्यांचे गुन्हे चालतात. ज्या वायफायवर बाबांचा बँकेचा फोन आहे त्यावर असला बॉक्स नको.

अजिंक्यतारा
पुढचा रविवार, सकाळी १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

मोगराताईंनी सांगितलं तशी वही ठेवली. बाबांनीच लिहिली, निवृत्त शिक्षक आहेत, तास-मिनिटं धरून लिहिलंय. बाबा: सकाळी सव्वासहा ते साडेसात बातम्या, दुपारी काहीच नाही, रात्री नऊनंतर यूट्यूबवर शेतीचे आणि किल्ल्यांचे व्हिडिओ, तेही फोनच्या छोट्या पडद्यावर डोळे बारीक करून. आई: संध्याकाळी सात ते साडेदहा चार मालिका, दोन वाहिन्यांवर.

पण वहीत एक ओळ अशी आली जिचा मी विचारच केला नव्हता. 'सकाळी नऊ ते साडेअकरा, टीव्ही चालू, समोर कोणी नाही.' सलग सातही दिवस. बाबांना विचारलं तर म्हणाले, 'ती स्वयंपाकघरात असते, तिला ऐकायला लागतो.'

या आठवड्यात स्टिक आणतोय. केबल तशीच ठेवून.

मोगरा
रविवार, सकाळी ११.००

शाब्बास. आणि ॲपचे पैसे भरताना ऑटोपे कुणाच्या नावावर आहे ते बघा. शक्यतो तुमच्याच. बाबांच्या यूपीआयवर ठेवलंत तर पैसे कटायच्या आदल्या दिवशी संदेश येतो, तो संदेश खरा की फसवणुकीचा हे ओळखण्यात त्यांची झोप जाईल. बंद करायचं असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करता येतं. टीव्हीवरून ॲप उडवलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. आमचे तीन महिन्यांचे पैसे असेच गेले.

अजिंक्यतारा
सहा आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०.५०

उशिरा लिहितोय, पण पूर्ण लिहितो.

गोदातीर यांचं ऐकून मी साताऱ्यात पाच दिवस राहिलो, घरूनच काम केलं. अँटेना यांनी सांगितलेली सीईसीची सेटिंग सापडायला वेळ लागला, पण ती झाल्यावर निळा पडदा गेलाच. पहिल्याच रात्री बाबांनी रायगडाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, चष्मा काढून ठेवला आणि आईला हाक मारून जगदीश्वराच्या देवळाची पायरी दाखवली. १९७८ ला ते शाळेची सहल घेऊन गेले होते, ती जागा. फोनवर त्यांना ती कधी दिसलीच नव्हती. बाबांचा प्रश्न त्या रात्रीच मिटला. सकाळच्या बातम्याही आता यूट्यूबवर. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप टाकून दिलं, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर मिळतात.

आईच्या मालिका. चारांपैकी दोन एका ॲपवर, दोन दुसऱ्यावर. आम्ही फक्त जिओहॉटस्टारच घेतलं, वर्षाचं. मालिका तिनं ॲपवर बघून पाहिल्या आणि एक गोष्ट तिला आवडली. मधे शेजारच्या काकू आल्या की थांबवता येतं, भाग चुकत नाही. पण दर वेळी ॲप उघडलं की पडद्यावर 'कोण बघतंय?' म्हणून नावं यायची आणि ती मला फोन करायची, 'अरे, ते परत विचारतंय की, कोण म्हणून. काय सांगू?' एकच प्रोफाइल ठेवून बाकीची काढून टाकली, तेव्हा ते थांबलं. कुणी करत असेल तर हे आधीच करा.

खरं अडलं ते सकाळी नऊ ते साडेअकरात. मी मुद्दाम एक सकाळ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. स्टिकवर तिला जुनी भक्तिगीतं लावून दिली होती. ती भाकरी थापत होती. परातीतलं पीठ, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, तव्यावर एक भाकरी, आणि हॉलमध्ये एकदम शांतता. पडद्यावर आलं होतं, अजून बघताय का? उत्तर द्यायला रिमोट हातात घ्यावा लागतो. तिनं एकदा हॉलकडे पाहिलं, भाकरी उलटली, आणि पुढचा अर्धा तास घर तसंच शांत राहिलं. ती काही म्हणाली नाही. आईचं 'काही न म्हणणं' असं असतं हे मला या वयात कळलं.

केबलवर वाहिनी लावली की ती आपली चालू राहते. कोणी बघतंय का हे विचारत नाही. बाबा बाहेर गेले की त्या घरात दुसरा आवाज नसतो. मी हिशेब मालिकांचा मांडत होतो, आणि ती अडीच तासांची सोबत माझ्या हिशेबात कुठंच नव्हती.

तेव्हा केबल ठेवली. जुनी_वायर, तुम्ही सांगितलं तसं पॅक तोडला. ऑपरेटरच्या कार्यालयात गेलो, आधी 'सुट्या वाहिन्या महाग पडतील' म्हणाले. आईच्या पट्टीवरचे पाच नंबर पुढं केले आणि एवढ्याच द्या म्हटलं. ३५० चं बिल २३० वर आलं. वर्षाला १४४० रुपये सुटले, त्यात ॲपचं वर्षाचं भागून उरतं. माळरान, तुमच्या फ्री डिशचा विचार पुढच्या वर्षी करणार आहे. सकाळच्या ऐकण्यापुरती ती पुरेल का ते आईला शेजारी ऐकवून बघतो, दोन घरं सोडून एकांकडे आहे.

जुनी_वायर
शुक्रवार, रात्री ११.१५

वाचून डोळे भरून आले. एक काम करा, सुट्या वाहिन्यांची यादी लिहिलेली पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. दर बदलले की पुन्हा न विचारता पॅकवर टाकतात.

सागरगोटा
शनिवार, सकाळी ८.४०

दोन रिमोट झाले ना आता? आई गोंधळत नाहीत?

अजिंक्यतारा
शनिवार, सकाळी ९.३०

जुनी_वायर, पावती आजच फोन करून मागवतो.

सागरगोटा, पहिले दहाबारा दिवस गोंधळली. मग तिनंच मार्ग काढला. स्टिकचा रिमोट काळा आणि बारीक, अंधारात सापडायचा नाही, म्हणून त्याला लाल लोकर गुंडाळली. गेल्या रविवारी गेलो तर त्याच्याही पाठीवर पट्टी होती. 'घर. उजवीकडे दोनदा. मधलं दाबणे. थांबणे.' थांबणेखाली दोन रेघा मारल्यात, कारण ॲप उघडायला आठदहा सेकंद लागतात आणि ती आधी घाईनं पुन्हापुन्हा दाबायची. मी पट्टी बघत होतो तर म्हणाली, 'जरा नीट धर, शाई ओली आहे अजून.'